‘भ्यालो’ म्हणणारा कॅप्टन

जयराज सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचा. सोसायटीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनाही. मुलुंडमध्ये, जिथं दुसऱ्या भेटीत माणूस ‘काय रे’वर येतो, तिथं हे फार विचित्र वाटायचं. माझ्या प्रेसमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा लष्करी अकादमीतून सुट्टीवर आला होता. केस अगदी बारीक कापलेले, पायात चपला, हातात कवितांची वही. आमची शेवंताकाकू पुस्तकाच्या छापील फर्म्यांच्या घड्या घालत बसली होती. तिच्यासमोर थांबून तो म्हणाला, “आपला हात फार सफाईदार आहे.”

तो आत आल्यावर काकू मला हळूच म्हणाली, “ह्यो खयचो राजपुत्र रे? माका ‘आपण’ म्हणता!”

काकूचा अंदाज फारसा चुकला नव्हता. जयराजचं घराणं खरोखरच सरदारांचं. गावाकडची जहागीर कधीच गेली होती आणि उरलेलं घराणं मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलं होतं. सोबत पूर्वजांच्या तसबिरी आल्या होत्या. पणजोबांची तसबीर कुठल्याच भिंतीवर मावेना, म्हणून ते बाल्कनीच्या दाराआड उभे असत. “कपडे वाळत घालताना त्यांची परवानगी घ्यावी लागते,” जयराज सांगायचा.

आम्ही एकाच वयाचे. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, “सुधीर म्हण ना यार, सुधीरराव काय!”

“ओळख वाढली की म्हणेन.”

ओळख वाढली, तो कॅप्टन झाला, माझं लग्न झालं. मी सुधीररावच राहिलो.

एकदा नाहूरला एका गणेशोत्सवात कविसंमेलन होतं. सूत्रसंचालकानं त्याची ओळख ‘थोर सरदार घराण्याचे वारस’ अशी करून दिली. जयराज माइकपाशी गेला आणि म्हणाला, “पणजोबांनी जहागीर मिळवली, आजोबांनी राखली, वडिलांनी ती कोर्टात घालवली. माझ्या वाट्याला फक्त मिशी आली, आणि तीही नीट येत नाहीये.” मंडप हसला. हसले नाहीत ते पहिल्या रांगेतले त्याचे वडील, आबासाहेब. ताठ बसलेले, छडी गुडघ्यांत उभी धरलेली.

परतताना मी विचारलं, “आबासाहेबांसाठी गेलास ना रे फौजेत?”

“छे! मला ते काम आवडतं म्हणून गेलो. आणि जमतंही मला.” कवितांबद्दलही तो असंच बोलायचा. “चांगली झाली आहे,” असं स्वतःच्या कवितेला सरळ म्हणायचा, आणि बहुतेक वेळा ती चांगली झालेली असायची.

सीमेवरच्या पहिल्या नेमणुकीनंतर त्यानं आपल्या कवितांच्या पुस्तकाचा मजकूर आणून दिला. त्यात ही चार ओळींची कविता होती :

पहिल्या गोळीला मी भ्यालो,
दुसरीला लाजलो,
तिसरी मोजलीच नाही,
कामाला लागलो.

अक्षरजुळणी करताना मला वाटलं, सैनिकाच्या पुस्तकात ‘भ्यालो’ बरं दिसत नाही. मी परस्पर ‘थांबलो’ केलं. प्रूफ वाचता वाचता तो तिथं अडला.

“सुधीरराव, हे कुणी केलं?”

“मी. तुझ्या भल्यासाठीच रे. लोक काय म्हणतील?”

त्याचा आवाज चढला नाही. “मी थांबलो नव्हतो, भ्यालो होतो. थांबलो असतो तर माझी माणसं गेली असती. भिऊन काही बिघडत नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं. माझ्याशिवाय कोण सांगणार?”

मी शब्द होता तसा केला. “पुढच्या सुट्टीत छापू,” म्हणून तो गेला.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. एका जखमी हवालदाराला पाठीवर घेऊन जयराज मागे आला, दुसऱ्या जखमी जवानाला आणायला पुन्हा पुढे गेला, आणि तोफगोळा पडला. सत्तावीस वर्षांचा होता. पार्थिव आलं त्या दिवशी मुलुंडनं दुकानं बंद ठेवली. आबासाहेब अंत्ययात्रेत पूर्ण वेळ चालले, कुणाचा हात धरला नाही त्यांनी.

महिन्याभरानं ते प्रेसमध्ये आले. सगळी प्रूफं त्यांनी वाचली आणि एका पानावर छडीचं टोक ठेवलं.

“हे पान काढायचं.”

“का, आबासाहेब?”

“आमच्या घराण्यात आजवर कुणी भ्यालेलं नाही. आणि जो असा गेला, त्याच्या तोंडी हा शब्द? लोक वाचतील.”

मुलगा गेलेल्या बापाला नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, “हा शब्द मी एकदा बदलला होता. त्यानं मला तो परत लावायला लावला.” मग त्या दिवशीचं सगळं बोलणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. “पान काढायचं असेल तर पुस्तक दुसरीकडे छापा. मी नाही छापणार.”

काकूचे हात थांबले. आबासाहेबांनी तो एक कागद उचलला, घडी करून खिशात घातला आणि ते निघून गेले. मला वाटलं, पुस्तकाची वाट लागली.

आठ दिवसांनी ते परत आले. कागदाच्या घड्या फाटायला आल्या होत्या.

“ही कविता पहिल्या पानावर घ्या,” ते म्हणाले. मग स्टुलावर बसले. “लहानपणापासून मी त्याला सांगत आलो, आपण घाबरायचं नसतं. मग कधी घाबरला असेल, तर मला कसा सांगणार? कागदाला सांगितलंन. चूक माझी आहे. त्याची कविता बरोबर आहे.”

मी पानं बदलली आणि मशीन सुरू केलं. आबासाहेब शेजारी उभे राहिले. पहिला कागद बाहेर आला तसा त्यांनी शाई ओली असतानाच उचलला आणि त्या चार ओळींवरून बोट फिरवलं. अक्षरं थोडी फरकटली. बोट काळं झालं. मी घाईनं चिंधी पुढं केली.

“राहू दे रे,” ते म्हणाले, “दुसरा काढ.”