अच्युतरावांचा ठोकळा

समता कॉलोनीतले आमचे शेजारी अच्युतराव रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. उभ्या डब्याच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावण्यात हयात गेली, म्हणून आपल्या मारुतीलाही त्यांनी तसाच एक लावलेला. त्यांचा हॅन्डब्रेक कितीही ओढला तरी गाडी उतारावर सरकते, हे साऱ्या कॉलोनीला ठाऊक होतं.

मेकॅनिक म्हणायचा, "काका, वायर ढिली होऊन राहिली, कसून घ्या."

"तू काहून घाबरतं? माझा ठोकळा डबा रोखते, डबा."

बायकोपेक्षा ठोकळ्यावर भरवसा जास्त, असं मी चिडवायचो. विजयावहिनींनाही मी सोडत नसे. गाडी आली, साप आला, असं काहीबाही सांगून त्यांना दचकवायचो.

दसऱ्याला वहिनी फाटकाशी बसून रांगोळी काढत होत्या, मी शेजारी माझ्या ओट्यावर होतो. वर उतारावर हार घातलेली गाडी, चाकांपुढे लिंबं. अच्युतराव घरात हत्यारांची पूजा मांडत होते. पाना, हातोडी, जुना कंदील पाटावर मांडून झाले, तरी त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. ते बाहेर आले, चाकाखालचा ठोकळा काढला आणि आत घेऊन गेले.

जरा वेळानं लिंबू फुटल्याचा आवाज आला. गाडीत कुणीच नव्हतं.

"वहिनी, उठा. गाडी येऊन राहिली," मी ओरडलो.

"हव, भाऊजी. सापही येत असन," त्या वर न बघता म्हणाल्या.

दुसरं लिंबू फुटलं. मी पुन्हा ओरडलो, या वेळी आवाजात थट्टा नाही हे कळलं, तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली आणि त्या उठून भिंतीला चिकटल्या. गाडी रांगोळीवरून जाऊन फाटकावर आदळली.

आत अच्युतराव डोळे मिटून ठोकळ्याला कुंकू लावत होते.