कपाळावरचा डाग

चित्रातल्या बाईच्या कपाळावरून कापूस गुंडाळलेली काडी फिरवली आणि कापूस लाल झाला. मी हात मागे घेतला.

आमच्या कामात कापूस तपकिरी झाला की आनंद, कारण ती घाण असते. लाल-निळा झाला की मूळ रंगच निघतोय, अशी भीती. आणि हे चित्र चारशे वर्षांचं. काळा झगा, गळ्याभोवती चुणीदार पांढरी कॉलर, जरा रागीट डोळे. चित्रकार अज्ञात, बाईही अज्ञात. मी मायक्रोस्कोप ओढला. मूळ रंग जागच्या जागी होता. लाल जे होतं ते वरून, व्हार्निशवर बसलेलं. जीव भांड्यात पडला. आणखी दोन काड्या फिरवल्या आणि कपाळ लख्ख झालं.

मी सिडनीत जुनी तैलचित्रं दुरुस्त करते. हे चित्र कॅसल हिलच्या डॉक्टर भागवतकाकांचं. त्यांच्या पत्नीने, सुनंदाकाकूंनी, ते एका लिलावात हौसेने घेतलं आणि डायनिंग रूममध्ये, बरोब्बर किचनसमोर लावलं. वर्षानुवर्षांच्या फोडण्या त्या बाईने अंगावर घेतल्या होत्या. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाच्या आधी काकूंचं हे लाडकं चित्र स्वच्छ व्हावं, एवढीच काकांची इच्छा.

काम सुरू करण्याआधी आम्ही कंडिशन रिपोर्ट लिहितो. म्हणजे चित्राला कुठे काय झालंय त्याची यादी. त्यात मी लिहिलं होतं, कपाळावर तपकिरी-लाल डाग, वरून बसलेला. फोनवर विचारलंही होतं, "काका, डाग सगळे काढू ना?"

"काढ गं. सुनंदाला घाण अजिबात खपायची नाही." रिपोर्टवर त्यांनी न वाचताच सही केली असणार.

चित्र न्यायला काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी कौतुकाची वाट बघत चित्रावरचं कापड काढलं. काका बघत राहिले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"कुंकू कुठंय?"

"कसलं कुंकू, काका?"

"अगं, हिचं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना लावून झालं की सुनंदा हिलाही लावायची. म्हणायची, हिचं नाव-गाव कुणाला माहीत नाही म्हणून हिला वगळायचं का? शेवटच्या वर्षी तिला उभंसुद्धा राहवत नव्हतं. मी धरलं होतं."

पुण्यात वाढलेली मी, आणि मला कुंकू ओळखू आलं नाही. युरोपातली जुनी बाई म्हटल्यावर डोक्यात कुंकू आलंच नाही.

वरची घाण काढायला आम्ही काडीला थुंकी लावतो. हसू नका, जगभर लावतात, इतकं सौम्य दुसरं काही नसतं. पाहुण्यांना हे मी नेहमी रंगवून सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं. काकूंनी लावलेलं शेवटचं कुंकू मी थुंकीने पुसलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

वापरलेल्या काड्यांच्या डब्याकडे धावले. डबा रिकामा. वेस्ट नेणारे येऊन गेले होते.

आमची बॉस हेलन हळूच म्हणाली, "यू हॅड हिज सिग्नेचर. नॉट युअर फॉल्ट." खरं होतं. उपयोग शून्य.

उरला होता कामाआधी काढलेला फोटो. तो स्क्रीनवर मोठा केला. डागात बोटाच्या बारीक रेषा दिसत होत्या. एक कड खाली ओघळलेली.

"इथे हात थरथरला तिचा," काका म्हणाले. त्या कडेवर त्यांनी स्वतःचं बोट टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

आम्ही चित्रात स्वतःच्या मनाने काही घालत नाही, हा पहिला नियम. तरी मी म्हटलं, "काका, मी लावू का?"

"नको गं. ते तुझं होईल."

काका फोटोची प्रिंट घेऊन गेले. वर्षश्राद्धाला मी गेले होते. चित्र किती छान उजळलंय, असं जो तो म्हणत होता. काका मान डोलवत होते. प्रिंट कुठे दिसली नाही, मीही विचारलं नाही.

आता आमच्या फॉर्मवर एक जादा प्रश्न आहे: घरातलं कोण या चित्राला हात लावायचं? लोक हसतात. मी त्यांचं हसून होईपर्यंत थांबते, आणि उत्तर लिहून घेतल्याशिवाय कापूस हातात घेत नाही.