बाटल्या भरायची बादली

माझी बायको नेदरलँड्समध्ये वाखनिंगनला अन्नसुरक्षेवर संशोधन करते. दुधाच्या कारखान्यातल्या नळ्यांमध्ये आणि सांध्यांमध्ये जंतूंचा जो चिकट थर धरतो, तो कसा धरतो आणि कसा घालवायचा, हे तिचं काम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक मला हेच विचारतात, की बाबा रे, अशी बायको घरात असताना तू दोन वर्षं काय करत होतास?

घरी बिअर करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते ऑफिसातल्या मंडळींनी वाढदिवसाला दिलेल्या एका खोक्यातून. त्यात झाकणाची प्लास्टिकची बादली होती, बादलीच्या बुडाशी तोटी होती, बाटल्यांना बूच बसवायचा चिमटा होता आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, पाकाचा एक डबा होता. पाक गरम पाण्यात कालवायचा, निवला की यीस्ट टाकायचं, आंबू द्यायचं आणि बाटल्या भरायच्या. मी एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, आता यंत्रं डिझाइन करून पोट भरतो. डब्यातला पाक कालवणं मला पाकिटातला उपमा करण्यासारखं वाटलं. पहिली बिअर बरी झाली होती, तरी मी ठरवलं की पुढची धान्यापासून करायची, आणि त्यासाठी नीट सामान घ्यायचं.

त्या पहिल्या खेपेलाच बायको ओट्यापाशी येऊन उभी राहिली होती. "धुण्याबिण्याचं काही विचारायचं असेल तर विचार," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, हा माझा छंद आहे. तुझी लॅब घरी आणू नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि चहा घेऊन बाहेर गेली. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. ती शब्दाची पक्की आहे, आणि त्याचा मला किती त्रास होणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

सामानाची सुरुवात पातेल्यापासून झाली. तुर्की दुकानात एक भलंमोठं ॲल्युमिनियमचं पातेलं मिळालं, ते बसमधून मांडीवर घेऊन घरी आणलं. आमची शेगडी इंडक्शनची. तिने ते ओळखलंच नाही. दुसरं आणलं स्टीलचं. ते ओळखलं, पण त्याचा घेर शेगडीपेक्षा इतका मोठा की मधोमध पाणी उकळे आणि कडेला कोमटच राही. मग पाण्यात सोडायची विजेची कांडी घेतली. ती आणि वॉशिंग मशीन एकदम चालू झालं की घरातले निम्मे दिवे जात. त्यामुळे मी बिअर करत असेन त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत असा नियम झाला. तो मीच केला आणि मीच सगळ्यांना ऐकवला.

उकळलेलं पाणी पटकन गार करावं लागतं, म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं आलं. ते स्वयंपाकघरातल्या नळाला जोडायचं होतं, आणि आमच्या नळाचे आटे जगातल्या कुठल्याच जोडणीला बसत नव्हते. मी तीनदा सायकल मारत बांधकामाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिसऱ्या वेळी बसलेली जोडणी नळ पूर्ण उघडल्यावर निसटली, आणि पाण्याची धार छतावर आदळून मसाल्याच्या उघड्या कप्प्यात पडली. सासूबाईंनी पाठवलेला वर्षाचा गोडा मसाला त्यात होता. बायकोने कप्पा बाहेर काढला, सिंकमध्ये उलटा केला आणि पुसला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एवढं करून बिअर काही सुधारत नव्हती. भांड्यातून काढून चाखावी तर छान लागे. बाटलीत तीन आठवडे राहिली की आंबट होई, आणि वर एक विचित्र वास येई, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखा. मी इंटरनेटवर वाचत बसे. कोणी म्हणे तापमान चुकतंय, कोणी म्हणे प्लास्टिकमध्ये आंबवूच नका, कोणी म्हणे तुमचं पाणीच खराब. प्रत्येकाचं मला पटे, आणि प्रत्येकासाठी एक वस्तू विकत मिळे.

उकळण्यापासून गार करण्यापर्यंत सगळं एकाच भांड्यात करणारं विजेचं यंत्र आलं. मग आंबवायला बुडाशी निमुळतं होत जाणारं स्टीलचं भांडं आलं, तीन पायांवर उभं राहणारं, इतकं चकचकीत की आलागेला त्यात आपला चेहरा बघायचा. तापमान सांभाळायला एक जुना फ्रीज आला. तो घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये गेला, आणि सायकली पावसात गेल्या.

आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. रोज सकाळी ती ओल्या सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधून शाळेत जायची आणि जाताना शेडकडे बघून म्हणायची, "पपा, हेट स्टिंक्ट." वास मारतोय म्हणून. मी म्हणायचो, "तो यीस्टचा वास आहे, बाळा, चांगला असतो." ती खांदे उडवून निघून जायची.

मी बाटल्या बदलल्या. बूच बसवायचं यंत्र बदललं. दर वेळी नवी वस्तू खोक्यातून काढताना वाटे की आता जमणार, आणि महिन्याभराने पहिली बाटली उघडली की तोच आंबट फेस. मी इतका वैतागलेलो असे की घरात कोणी कशाला हात लावला तरी खेकसत असे. एकदा बायकोने शेडमध्ये हवेचा पंप शोधताना फ्रीजचं दार उघडलं, तर मी तिला पाच मिनिटं तापमानावर भाषण दिलं. ती पंप घेऊन निघून गेली.

शेवट झाला द हेगमध्ये. एनस्खेडेचा माझा एक वर्गमित्र तिथल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरीला आहे. त्याने नवीन घर घेतलं आणि एका रविवारी दुपारी आम्हाला जेवायला बोलावलं. मी सहा बाटल्या नेल्या. सगळ्यांत नव्या, सगळ्यांत महागड्या सामानातून निघालेल्या. ट्राममध्ये त्या मांडीवर धरून बसलो होतो. मित्राने कौतुकाने पहिली बाटली उघडली आणि फेस थांबेचना. टेबलावरून तो खाली गेला, नव्या गालिच्यावर गेला, मित्राने बाटली घाईने खिडकीकडे नेली तेव्हा पडद्यावर गेला. अर्धी उरली ती त्याने ग्लासात ओतली. त्याच्या बायकोने एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि गिळला.

"वेगळी आहे," ती म्हणाली.

मित्र म्हणाला, "अरे, फ्रीजमध्ये दुकानातली आहे, ती काढू का?"

परतीच्या गाडीत मुलगी झोपली. उरलेल्या पाच बाटल्या माझ्या पायाशी होत्या, आणि प्रत्येक स्टेशनात गाडी थांबली की त्या एकमेकींवर आपटत होत्या. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"बोल ना काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"तुला माहीत असणार काय चुकतंय ते. तुझं कामच आहे."

"मला माहीत नाही," ती शांतपणे म्हणाली. "मी काही बघितलेलंच नाही. तू बघू दिलं नाहीस."

आमचं स्टेशन यायच्या आधी कधीतरी मी म्हणालो, "मग बघ ना."

पुढच्या शनिवारी सकाळी तिने मला सगळं सामान स्वयंपाकघरात आणायला लावलं. मी यंत्र आणलं, स्टीलचं भांडं आणलं, नळ्या आणल्या. तिने भांड्यात डोकं घालून पाहिलं, झाकणाच्या रबरावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे चांगलं धुतलेलं आहे." मला थोडं बरं वाटलं. मग तिने विचारलं, "इथून बाटलीत कशी जाते?"

"आधी साखर मिसळावी लागते. त्यासाठी एका बादलीत काढून घेतो, मग बाटल्या भरतो."

"ती बादली कुठाय?"

मी शेडमधून बादली आणली. तीच, वाढदिवसाच्या खोक्यातली. बाकी सगळं बदललं होतं, पण बाटल्या भरायला ही बादली सोयीची होती. दहा मिनिटांचं तर काम. ती बदलावी असं मला कधी वाटलंच नव्हतं.

तिने आत हात घालून तोटी धरून ठेवणारा नट सोडवला, तोटी बाहेर काढली आणि गरम पाण्यात घातली. थोड्या वेळाने ती हातात घेऊन जोर लावून ओढली. ती दोन तुकड्यांत सुटून येते हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. आतल्या तुकड्यावर तपकिरी, बुळबुळीत थर होता, जाड साय धरावी तसा. तिने तो माझ्या नाकाशी धरला. तोच चिकटपट्टीचा वास.

मुलगी वाकून बघत होती. तिने तोंड वाकडं केलं आणि डचमध्ये काहीतरी पुटपुटली, त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

"म्हणजे दर वेळी चांगली बिअर यातून जात होती," मी म्हणालो.

"हो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. पातेली, कांडी, वेटोळं, फ्रीज, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि मी जे बोलायला नको होतं ते बोललो. "हे तू पहिल्या महिन्यात सांगू शकली असतीस."

तिने तोटी सिंकमध्ये टाकली. "पहिल्या महिन्यात तू मला काय म्हणालास ते आठवतंय?"

मला आठवत होतं.

"आणि एक सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गेल्या नोव्हेंबरात माझ्या सायकलची साखळी गंजून तुटली. रिव्ह्यूच्या दिवशी. मी पाऊण तास पावसात चालत ऑफिसला गेले आणि भिजलेल्या कपड्यांत प्रेझेंटेशन दिलं. घरी येऊन तुला सांगणार होते, तर तू शेडमध्ये यीस्टशी बोलत होतास. मी म्हटलं, जाऊ दे."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. साखळी नवी दिसते हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं. मी सॉरी म्हणालो, पण ते मलाच फार तोकडं वाटलं. त्या दुपारी मी फ्रीज रिकामा केला, ढकलत ढकलत अंगणाबाहेर काढला आणि तिन्ही सायकली आत लावल्या. पावसाची झड माझ्या मानेवर येत होती. कोणी मदतीला आलं नाही आणि यावं असं मला वाटलंही नाही.

नंतर मी नवी तोटी घेतली आणि डब्यातल्या पाकाची साधी बिअर केली, स्टीलच्या पातेल्यात कालवून, जिन्याखालच्या कपाटात आंबवून. ती चांगली झाली. थोडी कडवट, स्वच्छ, उघडल्यावर बाटलीतच राहणारी. बायको अर्धा ग्लास प्यायली. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर मी आणखी चिडलो, की एवढंच होतं तर.

स्टीलचं भांडं मी जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर टाकलं. द हेगहून एक बाई आल्या, आयुष्यभर ट्राम चालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. गाडीत मागे ब्लँकेट अंथरून आल्या होत्या. भांड्याला सगळीकडून ठोकून त्यांनी विचारलं, "याच्यात काय खराब आहे?"

"काही नाही."

"मग का विकताय?"

पाऊस भुरभुरत होता, भांडं माझ्या हातात होतं आणि ते जड होतं. मी थोडक्यात सगळं सांगितलं, तोटीसकट. त्यांनी मन लावून ऐकलं.

"तुमची बायको आत्ता घरी आहे का?" त्यांनी विचारलं. "मला त्यांना माझ्या बिअरच्या नळ्यांबद्दल थोडं विचारायचंय."

मी बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, आणि दोघी शेडच्या छपराखाली उभ्या राहून बोलू लागल्या. बाईंनी पिशवीतून वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. मी मध्ये एकदा म्हणालो की हे गाडीत ठेवू का, पण दोघींपैकी कोणीच वळून बघितलं नाही.