स्टुलाखालचं रीळ

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात मी उदगीरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मालक एकाच जुन्या दिग्दर्शकाचे सिनेमे आलटून पालटून लावायचा. गोष्ट दर वेळी तीच: परक्या गावात आलेला पोरगा, त्याला कुणी आपलं म्हणत नाही, आणि शेवटी तो मरतो. तो मेला की आमचं पब्लिक खुर्च्या मोडायचं. म्हणून मालकाचा हुकूम होता, शेवटचं रीळ लावायचं नाही. पोरगा शहराच्या रेल्वेत बसला की मी दिवे लावायचो. ते रीळ माझ्या स्टुलाखाली डब्यात पडून असायचं.

कर्नाटकातून हमालीला आलेला एक तरुण दुपारच्या खेळाला रोज यायचा. दुष्काळानं त्याचं काम बंद पडलं होतं. त्याच्या कानडी वळणाच्या मराठीला सगळे हसायचे. एकदा खेळ सुटल्यावर त्यानं मला विचारलं, "पुढं लई बरं होत असंल न्हाई त्याचं?"

मला घरी जायची घाई होती. "हाव, होतंय की," मी म्हणालो. "तूबी जा लातूरला. नव्या कचेऱ्यांची बांधकामं निघालीत."

तो गेला. महिन्याभरानं बातमी आली, परांचीवरून पडून मेला. त्याचं गाव कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिवे लावले नाहीत, स्टुलाखालचं रीळ चढवलं. खाली शिव्या सुरू झाल्या, खुर्च्या मोडल्या, मालक केबिनचं दार बडवत राहिला. मी कडी काढली नाही. ज्यानं ते बघायला हवं होतं, तो तेवढा खाली नव्हता.