काकीच्या विहिरीचं पाणी

आखातात मी समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात होतो. समुद्राचं पाणी दाबानं बारीक पडद्यांतून ढकलायचं. एकीकडून पिण्याचं पाणी निघायचं, दुसरीकडून आणखी खारट. ते खारट पुन्हा समुद्रात जायचं.

आई आजारी पडली म्हणून नोकरी सोडून घरी आलो. आमचं गाव सणसरच्या अलीकडं, चहूबाजूंनी ऊस. वर्षानुवर्षं पाणी देऊन रानं चोपण, म्हणजे खारवट नि नापीक, झालेली, विहिरी मचूळ. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. गावातल्या पोरांनी मिळून पाणी गोड करायचं मशीन आणायचं ठरवलं. त्यात पुढं होता माझा चुलतभाऊ. तो बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. सुटला की मोटारसायकल थेट माझ्या दारात.

"दादा, तू तर समुद्र गोड करत हुतास. आमची बोअर म्हंजी खेळच की तुला."

"निघालेलं खारट पाणी कुठं सोडणार?"

"वढ्याला."

"वढा तुझ्याच विहिरीला लागून जातो."

"येवढ्याशा पाण्यानं काय हुतंय?"

बैठकीत मी सांगून पाहिलं, की आधी खारट पाण्यासाठी प्लास्टिक अंथरलेला खड्डा करा, मग मशीन लावा. दोघेतिघे हसले. "पयलं प्यायला तर मिळू दे," म्हातारी माणसं म्हणाली. त्यांचंही चुकत नव्हतं. मशीन माझ्याशिवाय सुरू झालं. आमच्या घरी डाळ मऊ शिजली आणि मीही ती पोटभर खाल्ली.

उन्हाळ्याच्या तोंडाला काकीनं, म्हणजे या भावाच्या आईनं, मला मळ्यात बोलावलं. हौदावर म्हैस उभी होती. तिनं पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. मी ओंजळीत घेऊन चाखलं. घशाखाली उतरेना.

"त्याला नगं सांगू," काकी म्हणाली. "गावात पोराचं नाव झालंय."

मला गप्प राहवलं नाही. मी सांगितलं तेव्हा तो चिडला. उन्हाळ्यात सगळ्याच विहिरी अशा होतात, म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन त्यानं स्वतः घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. त्याच आठवड्यात काकीनं म्हैस इंदापूरला आपल्या भावाकडं धाडून दिली. "तिला काय जारचं पाणी पाजू व्हय?" एवढंच बोलली.

म्हैस गेली त्या संध्याकाळी चुलतभावानं मशीन बंद केलं आणि शेडला कुलूप घातलं. बाहेर घागरी आणि जार घेऊन बायका उभ्या. आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी त्याची गचांडी धरली. मी मध्ये पडलो तर मलाही ढकललं. तेवढ्यात गर्दीतून काकी पुढं आली.

"चालू कर."

"आई, आपली हीर..."

"हीर गेली ती गेली. लेकरांनी काय प्यायचं?"

त्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली. शेवटी तिनंच ती त्याच्या हातातून घेतली आणि कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं माझ्या चोपण पट्टीत खड्डा खणायला लागलो. तिथं तसंही काही उगवत नव्हतं. जाड प्लास्टिक अंथरलं, शेडपासून पाइप आणला आणि ओढ्याकडं जाणारी चारी बुजवली. बैठकीत माझ्यावर हसलेले दोघेतिघेही फावडी घेऊन आले.

पावसाळ्यानंतर काकीची विहीर उपसली. नवं पाणी आलं, तेही खारटच. पुन्हा उपसली. या खेपेला थोडा फरक वाटला, का आम्हाला तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे. काकीनं चाखलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"न्हाय अजून," ती म्हणाली आणि घराकडं निघून गेली.

खड्ड्यातलं पाणी उन्हानं आटतं, तळाला पांढरा थर साचतो. तो काढून कुठं टाकायचा, हे आम्हा दोघांनाही अजून उमगलेलं नाही. भाऊ रोज कामावरून सुटला की आधी खड्ड्याकडं जातो आणि प्लास्टिक कुठं फाटलंय का, ते वाकून बघतो.