नाल्याकाठचा तांदुळजा

साठच्या दशकात मोलगीकडे रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराचे ट्रक आमच्या पाड्याखाली उभे राहू लागले. संपलेल्या बॅटऱ्या ते नाल्यात टाकून द्यायचे. माझ्या सासऱ्यांना घबाडच मिळालं. मासे धरायच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या लागतात, त्या विकत कोण घेणार? नाल्याकाठी चूल मांडून ते बॅटऱ्या फोडायचे, शिसं वितळवायचे. राख आणि आतलं पाणी तिथंच सांडायचं.

पुढच्या पावसात त्या जागी तांदुळजा असा माजला की बघत राहावं. मी रोज भारा कापून दारात बांधलेल्या शेळीला घातला. काही दिवसांत शेळी दात खाऊ लागली, आंधळ्यासारखी कुडाला धडकू लागली आणि मेली. सासरे म्हणाले, बॅटरी चाटली असेल. कशी चाटेल? तिचं दावं सुटलंच नव्हतं. शिसं मुळांतून पाल्यात चढतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पोटात काय गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बोलले तर घरभर हसू झालं.

आमच्याकडे नवी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नाही, आणि दाखवली की पहिला घास लेकरांना. पहिली जुडी नाल्याकाठचीच, तीही घरच्या सुनेनं खुडायची. माझी पोर नुकतीच अन्न खाऊ लागली होती.

पूजेच्या सकाळी मी नाल्यावर गेले, सगळा तांदुळजा मुळासकट उपटला, खड्ड्यात टाकला आणि वर दगड रचले. मग रिकाम्या हातांनी देवापुढे जाऊन उभी राहिले. सगळा पाडा जमला होता. सासरे भडकले, देव कोपेल म्हणाले.

मी आमच्या बोलीत म्हटलं ते एवढंच : "कोपला तर माझ्यावर कोपू दे. ही भाजी मी माझ्या पोरीला देणार नाही आणि देवालाही देणार नाही."

मी देवापुढून हलले नाही. शेवटी सासूबाई उठल्या आणि टोपली घेऊन डोंगर चढू लागल्या. वरच्या उतारावर तांदुळजा जेमतेम बोटभर उगवलेला. दुपारपर्यंत देव ताटकळला, सासरे धुसफुसत बसून राहिले. सासूबाई आल्या, पूजा झाली. त्या खुरट्या पाल्याचा पहिला घास पोरीला सासऱ्यांनीच भरवला.