गोळ्या गाण्यात बसल्या नाहीत

तामसीहून आदिलाबादला निघालेल्या बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर ते गाणं लागलं आणि प्रतिभाने पदर तोंडावर ओढला. काय उपयोग! शेजारची बाई वळलीच. "तुमीच ना, गाण्यातल्या ताई?"

नाही कसं म्हणणार? तिचा धाकटा भाऊ प्रज्वल आदिलाबादला मोबाइल दुरुस्त करायचा. त्यानेच तिच्यावर येशूचं रॅप केलं होतं, 'ऊठ ताई, ले अक्का'. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू, खाली धडाधड बीट. मणक्याच्या टीबीने खाटेला खिळलेली बहीण प्रभूची हाक ऐकून उठते आणि नाचते, एवढीच गोष्ट. तीन लाख लोकांनी पाहिलं म्हणे. प्रार्थनेकडे कधी न फिरकलेली पोरंसुद्धा वरातीत त्यावर नाचत होती.

प्रतिभाचा प्रभूवर विश्वास होता, भावावर जीव होता. पण बाई थकली होती हो! अंगणवाडीत खिचडी शिजवून घरी यावं, तर दारात कुणीतरी उभंच. ताई, डोक्यावर हात ठेवा. ताई, फोटो. ताई, जरा नाचून दाखवा ना! अन् इकडे दहा मिनिटं उभं राहिलं की कमरेतून कळ निघायची. दीड वर्षाच्या गोळ्या होत्या, त्यातल्या चार महिन्यांच्या अजून बाकी होत्या.

"गाण्यात गोळ्या काऊन नाई रे?" तिने प्रज्वलला एकदा विचारलं होतं.

"बीटमधी बसत नाई, ताई." तो हसला. तीही हसली. तिथंच चुकलं.

बसमधल्या बाईचं नाव सोजरबाई. तिच्या खांद्यावर मान टाकून तिची तरुण लेक आरोही बसली होती, नुसती हाडं उरलेली.

"माह्या पोरीलेबी टीबीच हाय," सोजरबाई म्हणाली. "तुमचं गाणं आयकलं अन् गोळ्या बंद केल्या. महिना झाला. गोळी खाल्ली म्हंजे विश्वास कमी पडते ना? आज आदिलाबादच्या प्रार्थनासभेत तुमी हिच्यावर हात ठेवसान, की झालं!"

प्रतिभाने तिचा हात धरला. "बाई, गोळ्या बंद नोका करू. मी बी घेते."

"माह्या विश्वासाची परीक्षा घेऊन राह्यल्या का?" सोजरबाई हसली. गाण्यापुढे ताईचं कोण ऐकतो!

सभेच्या मंडपात प्रज्वल घाईघाईने जवळ आला. "हैदराबादच्या गाण्याच्या कंपनीचे लोक आले हायेत, ताई. दुसरं गाणं काढू म्हणतेत. दोन शब्द साक्ष दे अन् थोडी नाच, बस." याच पोराने तिला दर महिन्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या होत्या. तिला त्याच्याकडे बघवेना.

बीट सुरू झाला. मंडप ओरडला, "ऊठ ताई!" प्रतिभा खुर्चीला धरून उठली. नाचली नाही. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून तिने वर धरलं.

"मी प्रभूच्या कृपेनं उठली, खोटं नाई. पण ह्या गोळ्या खाऊन उठली. अजून खाऊन राह्यली. नाचता येत नाई मले. गाण्यात हे नाई, म्हणून सांगते. सोजरबाई, पोरीले उद्या सकाळीच दवाखान्यात न्या."

बीट बंद पडला. हैदराबादची माणसं खुर्च्या सरकवून उठली. प्रज्वल स्पीकरजवळ खाली बसला, वर बघेना. प्रतिभाला रडू आलं, पण शब्द परत घ्यावे असं वाटलं नाही.

ती मंचावरून उतरली तर सोजरबाई तणतणत समोर. "तुमचाच विश्वास कच्चा!"

आरोही आईच्या मागून पुढे आली. "ताई, तुमाले बी मळमळते का गोळ्यानं?"

"लय."

"मंग कशा घेता?"

"भात खाऊन. अन् शिव्या देऊन."

पोरगी पहिल्यांदा हसली. मग आईकडे न बघता हळूच म्हणाली, "माह्या गोळ्या तांदळाच्या डब्यात हायेत. आईनं फेकल्या होत्या, मी उचलून ठेवल्या."